होडीचा एसी बदलायचाय? आधी टेप आणा!

दोस्तांनो, आज आपल्याला खरेदीला जायचं आहे. पण वह्या, पतंग किंवा फटाके आणायला नव्हे बरं का! आपल्याला घ्यायचा आहे एसी, आणि तोसुद्धा चक्क शिडाच्या होडीसाठी.

“होडीला एसी कशाला? समुद्रावर एवढा वारा असतो की!” असं तुमच्यापैकी कुणीतरी लगेच म्हणेल. म्हणणं बरोबर आहे. शिडं फुगलेली असली आणि होडी झपाझप चालली असली, तर एसीची आठवणसुद्धा होत नाही. पण होडी धक्क्याला बांधली, वारा पडला आणि ऊन डेकवर तापू लागलं, की आतल्या छोट्याशा केबिनची भट्टी होते. त्यातून पाण्यावरची दमट हवा! अंगाला घाम, गाद्यांना कुबट वास आणि कपाटातल्या कपड्यांवर बुरशी.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाचा एक भलामोठा उपसागर आहे. त्याच्या काठी ॲनापोलिस हे गाव आहे. अमेरिकेच्या नौदलाचे अधिकारी तयार करणारी अकादमी १८४५ साली इथेच सुरू झाली. शिडाच्या होड्यांचं तर या गावाला वेडच! इथे उन्हाळ्यात उपसागराचं पाणी २७-२८ अंश सेल्सिअसपर्यंत तापतं आणि हिवाळ्यात तेच पाणी दोन-तीन अंशांपर्यंत गार होतं. म्हणजे उन्हाळ्यात गारवा हवा आणि हिवाळ्यात ऊब. म्हणून इथल्या होड्यांवर दोन्ही कामं करणारं एकच यंत्र बसवतात.

आता समजा, इथे ३६ फूट लांबीची एक होडी आहे. आई, बाबा आणि दोन मुलं वर्षभर तिच्यावरच राहतात. (असं राहणारी कुटुंबं खरोखरच असतात!) मुलं पुढच्या निमुळत्या केबिनमध्ये झोपतात. ऐन उन्हाळ्यात त्यांचा जुना एसी बंद पडला आहे आणि नवा कोणता घ्यायचा, हे तुम्ही ठरवायचं आहे. चला तर मग!

गारवा बनवतात कुठे?

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एसी गारवा तयार करत नाही. तो फक्त उष्णता एका जागेवरून उचलतो आणि दुसरीकडे नेऊन टाकतो. अगदी हमालासारखा!

इंजेक्शनच्या आधी डॉक्टर दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात, तेव्हा गार वाटतं ना? स्पिरिटची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते तुमच्या दंडातून घेतं. एसीच्या नळ्यांमध्येही असाच एक झटकन वाफ होणारा पदार्थ खेळवलेला असतो. केबिनमधल्या नळीत त्याची वाफ होते आणि तो हवेतली उष्णता घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, तशी ही दाबलेली वाफ चांगलीच गरम होते. आता ही उष्णता टाकायची कुठे?

घरचा एसी ती बाहेरच्या हवेत टाकतो. खिडकीच्या एसीच्या मागे उभं राहिलात तर गरम झोत अंगावर येतो तो हाच. होडीचा एसी मात्र ती समुद्राला देतो! होडीच्या तळाला एक भोक असतं. तिथून एक छोटा पंप समुद्राचं पाणी आत ओढतो. ते पाणी गरम नळीभोवती फिरतं, उष्णता घेतं आणि होडीच्या कुशीतल्या दुसऱ्या भोकातून बाहेर पडतं. म्हणून धक्क्यावरून चालताना होडीच्या बाजूने पाण्याची धार पडताना दिसली, की खुशाल समजा, आत एसी चालू आहे!

खाऱ्या पाण्यात साधं तांबं लवकर झिजतं. म्हणून पाण्याच्या या नळ्या तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूच्या करतात. घरचा एसी उचलून होडीत बसवला तर का चालत नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्याची ओळख हवेशी, आणि याची दोस्ती समुद्राशी!

आधी डॉक्टर, मग दुकानदार

जुना एसी बंद पडला, म्हणून लगेच दुकानाकडे धावायचं नाही. आधी बाहेर डोकावून बघा, पाण्याची ती धार पडते आहे का?

धार बारीक झाली असेल किंवा थांबली असेल, तर बिचाऱ्या एसीचा काहीच दोष नाही. आत येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर एक गाळणी असते. तिच्यात शेवाळ, कचरा अडकतो. उन्हाळ्यात चेसापीकमध्ये जेलीफिशचे थवे येतात, तेही गाळणीत येऊन बसतात. पाणी अडलं, की उष्णता टाकायला जागा उरत नाही. आतला दाब वाढतो आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतं. गाळणी धुतली, की झाला चालू!

गाळणी स्वच्छ असेल, तर पाण्याचे पाइप बघायचे. पाण्यात बुडलेल्या वस्तूंना चिकटून राहणारे बार्नेकल नावाचे छोटे कवचधारी जीव पाइपात घर करतात. नळीत क्षारांचा थर बसलेला असेल, तर सौम्य आम्ल फिरवून तो काढता येतो. हे सगळं करूनही कॉम्प्रेसर उठत नसेल, किंवा नळ्या गंजून आतला वायू निसटून गेला असेल, तरच नवा एसी. काही मिनिटांच्या तपासणीत कुणाचे हजारो रुपये, म्हणजे इथे डॉलर, वाचू शकतात.

आपल्या होडीत मात्र सगळं तपासून झालं आहे. कॉम्प्रेसर कायमचा गेला आहे. तेव्हा आता दुकान!

टन म्हणजे वजन नव्हे

“एक टनाचा हवा की दीड टनाचा?” एसीच्या दुकानात पहिला प्रश्न हाच येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बापरे, एक टन म्हणजे हजार किलो! भिंत खाली यायची की! पण हा टन एसीच्या वजनाचा नाही. तो आहे बर्फाचा.

विजेचे एसी येण्याआधी गारवा हवा असेल, तर बर्फच आणावा लागे. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फ कापायचा, लाकडाच्या भुशात गुंडाळायचा आणि जहाजात भरायचा. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं शिडाचं जहाज असा सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी थेट आपल्या कलकत्त्याला पोचलं. वाटेत बराच वितळला, तरी सुमारे १०० टन शिल्लक होता! गारवा हा असा टनावारी मोजला जाई. पुढे यंत्रं आली, तरी मोजमाप तेच राहिलं.

आता थोडं गणित. उष्णता मोजायचं एक जुनं एकक आहे, बीटीयू. म्हणजे ब्रिटिश थर्मल युनिट. काडेपेटीतली एक काडी पूर्ण जळली तर साधारण एक बीटीयू उष्णता निघते. एक पौंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू लागतात. अमेरिकेतला टन २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. मग एक टन बर्फ वितळायला लागतील २,००० × १४४ = २,८८,००० बीटीयू. हा बर्फ २४ तासांत वितळला, तर तासाला किती झाले? २,८८,००० भागिले २४, म्हणजे १२,०००. म्हणून एक टनाचा एसी म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर टाकणारा एसी.

आता काढा टेप!

होडीचे एसी साधारण ६, ८, १०, १२ आणि १६ हजार बीटीयूचे मिळतात. यातला आपला कोणता?

होडी बसवणारे लोक एक ढोबळ हिशेब वापरतात. डेकच्या पूर्ण खाली दडलेल्या केबिनला दर चौरस फुटाला ६० बीटीयू. खिडक्या असलेल्या मधल्या केबिनला ९०. आणि चारी बाजूंनी ऊन लागणाऱ्या डेकवरच्या केबिनला १२०. का बरं? ऊन जितकं जास्त, उष्णता तितकी जास्त, हे तर उघडच आहे.

आता आपली होडी मोजू. मुलांची पुढची केबिन पूर्ण खाली आहे. ती टोकाकडे निमुळती होते, म्हणून सरासरी रुंदी धरू. ८ फूट × ७ फूट = ५६ चौरस फूट. ५६ × ६० = ३,३६० बीटीयू. मधल्या बैठकीच्या केबिनला खिडक्या आहेत. १२ × १० = १२० चौरस फूट. १२० × ९० = १०,८०० बीटीयू. बेरीज झाली १४,१६०. बारा हजारांचा कमी पडणार. तेव्हा सोळा हजारांचा घ्यायचा.

इथे दुकानदार म्हणेल, “घ्या की चोवीस हजारांचा! मोठा असलेला बरा.” बाबांनाही वाटेल, खरंच की! पण तुम्ही ठामपणे नको म्हणा. गरजेपेक्षा मोठा एसी केबिन पाच-दहा मिनिटांत गार करतो आणि बंद पडतो. पुन्हा चालू, पुन्हा बंद. हवा गार होते, पण तिच्यातली वाफ काढून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, पाहिलेत ना? एसीच्या गार नळीवरही तसेच हवेतल्या वाफेचे थेंब जमतात आणि खालच्या ताटलीत गळतात. त्यासाठी यंत्र सलग चालावं लागतं. नाहीतर गार पण ओलसर केबिन, आणि पुन्हा तीच बुरशी. लहान एसी दिवसभर राबूनही पुरा पडत नाही आणि मोठा नीट राबतच नाही. मापाचा चपलेसारखा बसायला हवा!

टेपचं आणखी एक काम आहे. जुना एसी बाकाखालच्या खणात बसलेला आहे. नवा तिथे मावेल का? लांबी, रुंदी, उंची तर मोजाच. शिवाय तो खणाच्या तोंडातून आत जाईल का, हेही बघा. आणि हवा यायला-जायला जाळी पुरेशी मोठी आहे ना? हवेच्या नळ्या कुठे चेपलेल्या नाहीत ना?

वायर किती ओझं पेलेल?

धक्क्यावर होडीला जाड केबलने वीज मिळते. अमेरिकेत अशा होडीला बहुधा १२० व्होल्ट आणि ३० अँपिअरची जोडणी असते. म्हणजे जास्तीत जास्त १२० × ३० = ३,६०० वॉट.

सोळा हजारांचा एसी पंपासकट साधारण १,५०० वॉट धरा. होडीतला पाणी तापवायचा बंब १,५०० वॉट. आईने चहासाठी विजेची किटली लावली, तर तिचेही १,५०० वॉट. तिन्ही मिळून ४,५००! खटकन वीज जाणार. म्हणून नियम सोपा आहे, तिघांपैकी एका वेळी दोघंच. त्यातून कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त वीज ओढतो. त्याला हळूहळू उठवणारं एक छोटं उपकरण मिळतं. ते बसवलं, की हा धक्का पुष्कळ कमी होतो.

मग नांगर टाकून खाडीत थांबलं, तर? तिथे केबल कुठली! १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॉट-तास वीज असते. आपला एसी ती कागदावर ४८ मिनिटांत संपवेल, आणि प्रत्यक्षात त्याहूनही लवकर. म्हणून शिडाच्या होडीवरचे जाणते लोक नांगरावर असताना एसीचा नाद सोडतात. डेकवर कापडाचं छत ताणतात आणि झरोक्यावर कापडाची झोळी बांधून वारा आत वळवतात. फुकटचा एसी!

काही जण मात्र डेकवर छोटा जनरेटर लावतात आणि खाली एसीत झोपतात. दोस्तांनो, हे फार धोक्याचं आहे. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही आणि जीव जातो. म्हणून केबिनमध्ये या वायूचा इशारा देणारी घंटा हवीच. एसीसुद्धा इंजिनाच्या खोलीत कधी बसवत नाहीत. नाहीतर तिथली विषारी हवा ओढून तो सगळ्या केबिनभर खेळवेल.

हिवाळ्याचं कोडं

आता सगळ्यात गमतीचा भाग. हाच एसी हिवाळ्यात ऊब कशी देतो? त्याच्यात एक झडप असते. ती फिरवली, की वायूची फेरी उलटी होते. हमाल तोच, फक्त ओझं उलट दिशेने! आता तो समुद्रातून उष्णता उचलतो आणि केबिनमध्ये आणून टाकतो.

“गार पाण्यात उष्णता कुठली?” असं विचाराल. असते! १० अंशाचं पाणी आपल्याला गार लागतं, पण नळीतला वायू त्याहूनही गार असतो. त्याच्या दृष्टीने ते पाणी चांगलं कोमट! म्हणून उष्णता पाण्यातून वायूत जाते.

पण याला एक हद्द आहे. पाणी चार-पाच अंशांच्या खाली गेलं, की यंत्राची ताकद सरते. नळीतलं पाणी गोठायची भीती असते. आता आठवा, ॲनापोलिसला हिवाळ्यात पाणी किती अंशांपर्यंत जातं? दोन-तीन! म्हणजे ज्या रात्री मुलांना उबेची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच रात्री हा एसी हात वर करणार.

दुकानातल्या पाटीवर ‘गारवा आणि ऊब, दोन्ही’ असं लिहिलेलं असेलही, आणि ते खोटंही नाही. पण कोणत्या पाण्यात, हे आपण विचारायचं. फ्लोरिडासारख्या उबदार पाण्यात हा एकटा पुरेल. आपल्या होडीला मात्र वेगळी सोय हवी. डिझेलवर चालणारा आणि धूर बाहेर सोडणारा हीटर, किंवा समुद्राच्या पाण्यावर अवलंबून नसलेला विजेचा हीटर. हिवाळ्यातल्या विजेच्या हिशेबात मग तोही धरायचा.

तळातलं भोक आणि जुना वायू

बसवणाऱ्या मिस्त्रीकडे दोन गोष्टींसाठी बारीक लक्ष ठेवा. पहिली, ते तळातलं भोक. पाण्याखालचा पाइप निसटला, तर धक्क्याला बांधलेली होडीसुद्धा बुडू शकते! म्हणून तिथे बंद करता येणारी झडप हवी, पाइपाला दोन-दोन क्लिपा हव्यात आणि शेजारीच भोकाच्या मापाचं निमुळतं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवलेलं हवं. ही झडप कुठे आहे आणि कशी बंद करायची, हे घरातल्या, म्हणजे होडीतल्या, मुलांनाही माहीत हवं.

दुसरी गोष्ट, जुन्या एसीतला वायू. जुन्या यंत्रांत बहुधा आर-२२ असायचा. त्यातलं क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने असे वायू हळूहळू बंद करायला घेतले. अमेरिकेत तर २०२० पासून नवा आर-२२ बनवायला आणि आयात करायलाही बंदी आहे. त्यानंतर आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तो कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजारपट पृथ्वी तापवतो. आर-३२ त्यापेक्षा बराच सौम्य, सुमारे ६७५ पट. पण तो थोडा पेट घेणारा आहे. म्हणजे अगदी निर्दोष कुणीच नाही! म्हणून जुना वायू नळी कापून हवेत सोडायचा नसतो. तंत्रज्ञाने तो बाटलीत भरून घ्यायचा असतो. अमेरिकेत तसा कायदाच आहे. उष्णता आपण समुद्राला दिली, निदान वायू तरी आकाशाला देऊ नये.

झाली आपली खरेदी! सोळा हजारांचा एसी, हळू उठवणारं उपकरण, विषारी वायूची घंटा आणि हिवाळ्यासाठी वेगळा हीटर. पैसे नंतर मोजले, आधी जागा मोजली, वीज मोजली आणि समुद्राची ऊबही मोजली.

करून पाहा : घरात एसी किंवा फ्रिज घ्यायची चर्चा निघाली, की आई-बाबांना म्हणा, “थांबा, मी टेप आणतो!” आणि हे कोडं सोडवा. दुसऱ्या एका होडीत डेकखालची केबिन ८ × ६ फूट आहे आणि खिडक्यांची केबिन १० × ९ फूट. तिला किती बीटीयूचा एसी लागेल? आणि तो किती टनाचा म्हणायचा? उत्तर पुढच्या अंकात. पण तोवर तुम्ही काढलेलं असणार, याची खात्री आहे!